पाण्याचं विरजण

सकाळी ठकीला पाजायला मी खिडकीशी बसायचे, तेव्हा बाहेर मामंजींचं पाण्याचं काम चाललेलं असायचं. आधी ते मोठ्या टबावर वाकून बघायचे. मग ओगराळं बुडवायचे, उजेडाकडे धरायचे, मान तिरपी करून आत डोकावायचे आणि काठोकाठ भरलेली वाटी न्यावी तसं अगदी सांभाळून पलीकडच्या पिंपात रिकामं करायचे. परक्या माणसाला वाटलं असतं, म्हातारा पाण्यात औषध घालतोय. औषध कसलं, त्या ओगराळ्यात डासांच्या अळ्या असायच्या.

आमच्या घरात त्यांना वळवळ्या म्हणतात. मी लग्न होऊन नवीन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हातात ब्रश घेऊन विचारलं होतं, "मामंजी, हा टब घासून देऊ का? किडे झालेत." सगळे ताटावर बसले होते. नवऱ्याने पाण्याचा घोट तोंडात तसाच धरून ठेवला. सासूबाईंनी मला कोपराला धरून आत नेलं आणि म्हणाल्या, "घर घास, भांडी घास, हवं तर मला घास. त्या टबाला हात लावू नकोस."

पद्धत अशी होती. विहिरीचं ताजं पाणी पिंपात भरायचं. त्यात मोठ्या टबातल्या वळवळ्या सोडायच्या. दुसऱ्या दिवशी त्या पिंपात खाली-वर करताना दिसल्या, की ते पाणी चांगलं, मेंढ्यांना द्यायचं. मेलेल्या दिसल्या तर अख्खं पिंप उपडं करायचं. उपडं करायची वेळ कधीच आली नाही, ती गोष्ट वेगळी. पण तपासायला वळवळ्या सदा हाताशी हव्यात, म्हणून मोठा टब कधीच रिकामा करायचा नाही.

"दह्याला विरजण लागतं ना, तसं ह्यांच्या पाण्याला लागतं," सासूबाई म्हणायच्या. "फरक एवढाच, की दह्याचं संपलं तर शेजारणीकडे मागता येतं. हे मागायला गेलं तर शेजारीण दार लावून घेईल."

टब होता ओतीव लोखंडाचा, कुठल्याशा मोडीत काढलेल्या हॉटेलातला, न्हाणीचा. आतून पांढरा मुलामा, पण तो आता काठालाच उरलेला. एक पाय तुटलेला, त्याखाली वीट. तळाला साखळीचं बूच. आमची खोली आणि मेंढ्यांचा गोठा यांच्यामध्ये जी बोळ आहे तिथे तो ठेवलेला, कारण तिथे दिवसभर सावली असते आणि वळवळ्यांना ऊन सोसत नाही. म्हणजे अगदी माझ्या खिडकीखाली.

यामागचं कारण मला सासूबाईंनी सांगितलं. मामंजींनी कधीच नाही. नवरा तेव्हा शाळेत होता. मेंढ्या ओढ्यावर पाणी प्यायच्या. एका सकाळी मामंजींनी नेहमीसारखं फाटक उघडलं, मेंढ्या काठावर उतरल्या आणि प्यायल्या. पाणी नितळ होतं, तळाचे गोटे दिसत होते. वरच्या अंगाला कातडी कमावायचा कारखाना होता, त्याने काहीतरी सोडलं होतं, हे मागाहून कळलं. दुपारपर्यंत अर्धा कळप काठावरच आडवा झाला. "फाटक मी उघडलं," एवढंच मामंजी म्हणत राहिले. आणि नंतर कधीतरी त्यांना आठवलं, की त्या सकाळी ओढ्यात एक बेडूक नव्हता, एक किडा नव्हता. तेव्हापासून नितळ पाण्यावरचा त्यांचा विश्वास उडाला. ज्या पाण्यात काहीतरी जगतंय, तेच पाणी त्यांना खरं वाटायला लागलं.

हे ऐकल्यावर मी ब्रश गुपचूप जागेवर ठेवून दिला.

ठकी जन्मली त्या वर्षी सगळीकडे पाणीच पाणी झालं होतं. ओढा शेतात आला आणि बराच काळ पाहुण्यासारखा बसून राहिला. तो ओसरला आणि मग मेंढ्यांचं सुरू झालं. पहिल्या मेंढीने वेळेच्या खूप आधी गाभ टाकला. मामंजींनी ते कोकरू उचललं, नाक बोटाने पुसलं आणि त्याच्या नाकपुड्यांवर तोंड लावून फुंकर घातली. त्यांच्या फुंकरीने निपचित कोकरू शिंकताना मी स्वतः पाहिलंय. हे शिंकलं नाही. नंतर दुसरी मेंढी, मग एकाच सकाळी दोघी. जी कोकरं जिवंत जन्मली तीही उभी राहायच्या आत मान टाकत होती. प्रत्येकाला मामंजींनी फुंकर घातली.

त्यांच्या डोक्यात एकच आलं. पाणी.

"कुठूनतरी परत आलंय," ते म्हणाले. "जमिनीतून झिरपून विहिरीत आलंय."

"पण वळवळ्या तर जिवंत आहेत," नवरा म्हणाला.

"एका दिवसात कळत नसेल. जास्त दिवस ठेवून बघायला हवं."

म्हणून त्यांनी आणखी पिंपं आणली आणि बोळीत ओळीने मांडली. प्रत्येकात दुप्पट विरजण घातलं आणि आठवडाभर पाणी मुरवूनच मेंढ्यांना द्यायला सुरुवात केली. जितक्या मेंढ्या गाभ टाकत होत्या, तितकी माझ्या खिडकीखाली पिंपं वाढत होती.

संध्याकाळ झाली की खिडकीच्या जाळीवर डासांचा पडदाच चढायचा. जाळीला कुठे फट आहे ते त्यांना माझ्याआधी सापडायचं. ठकी तेव्हा नुकती पालथी पडायला लागली होती. तिच्या गालांवर, पायाच्या इवल्या बोटांवर लाल ठिपके उठले.

"आपण हिला मच्छरदाणीतच वाढवू," नवरा म्हणाला. "लग्नाच्या वेळी बाहेर काढू."

"आणि पाजायचं कसं?"

"तू आत राहा ना. मी बाहेरून दोघींना जेवण सरकवत जाईन."

मी हसले, पण मला रडू येत होतं. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, मेंढ्या शेजारी असल्या की डास मेंढ्यांकडे जातात, माणसांना सोडतात. आम्ही सगळे असेच वाढलो."

"मग हे काय आहे?" मी ठकीचा गाल त्यांच्यापुढे केला.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग स्वतःच्या पलंगावरची मच्छरदाणी सोडून आणली आणि ठकीच्या मच्छरदाणीवर दुसरी बांधली. त्यात ठकी कुणी दोनदा गुंडाळून ठेवलेल्या मिठाईसारखी दिसायची.

शेवटी नवऱ्याने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या आल्या तेव्हा बुटांवर आणखी कुठल्या कुठल्या गोठ्यांचा चिखल होता. कोपरापर्यंत हातमोजे, तोंडाला मास्क. त्यांनी मेंढ्या तपासल्या, रक्त घेतलं, पुरायच्या राहिलेल्या एका कोकराकडे वाकून पाहिलं आणि सगळ्यात आधी विचारलं, "याला उघडा हात कुणी कुणी लावलाय?"

"मी," मामंजी म्हणाले. "आणि कोण लावणार?"

"काका, हे मला पाण्याचं वाटत नाही, डासांचं वाटतंय. एक ताप आहे. डास आजारी मेंढीला चावतो, मग धडधाकट मेंढीला चावतो. गाभण मेंढ्या गाभ टाकतात, लहान कोकरं जातात. आणि तो माणसांनाही होतो. डासाकडून होतो, तसाच आजारी जनावराचं रक्त, वार, मेलेलं कोकरू यांना हात लागूनही होतो. दूध कच्चं पिऊ नका. बहुतेकांना साधा ताप येऊन जातो. थोड्यांच्या डोळ्यांवर जातो, मेंदूवर जातो. कुणाच्या, ते आधी सांगता येत नाही."

"डास चावून मेंढी मेलेली मी आयुष्यात बघितली नाही," मामंजी म्हणाले. "पाण्याने मेलेल्या बघितल्यात."

बाई हात धुवायला बोळीत वळल्या आणि थांबल्या. टबाकडे बघितलं, पिंपांच्या ओळीकडे बघितलं. "हे काय आहे?"

नवऱ्याने मामंजींकडे पाहिलं.

"विरजण," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी एका पिंपात डोकावलं आणि त्यांचा बोलण्याचा तोल गेला. दिवसभर चिखल तुडवलेल्या माणसाचा जातो तसा. "काका, तुम्ही डास पाळलेत! मेंढ्यांपेक्षा डासांची बडदास्त जास्त आहे इथे!"

नवरा फस्सकन हसला आणि लगेच खाली बघायला लागला. मामंजी पाठ फिरवून गोठ्यात गेले. मग नवऱ्यानेच हळूहळू बाईंना ओढ्याची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. त्या मामंजींच्या मागे गोठ्यात गेल्या.

"मी बोलायला नको होतं तसं," त्या म्हणाल्या. "पण काका, या अळ्या गटारातसुद्धा जगतात. ज्या पाण्याने मेंढी मरेल, त्यात या कदाचित मजेत राहतील. यांच्यावरून पाणी कळत नाही हो."

त्या खूप मऊपणे बोलल्या, आणि मला वाटतं, आधीच्या रागापेक्षा हेच मामंजींना जास्त लागलं. इतकी वर्षं ज्यांच्या भरवशावर झोपलो ते काहीच सांगत नव्हते, हे कुणाला ऐकवेल?

"रक्त घेतलंत ना?" ते म्हणाले. "ते काय म्हणतंय कळवा. तोवर माझ्या टबाला कुणी हात लावायचा नाही."

बाईंनी विहिरीच्या पाण्याचीही एक बाटली भरून घेतली, तपासायला. गाडीत बसताना मला विचारलं, "बाळ कुठे झोपतं?" मी खिडकी दाखवली. त्यांनी टबापासून खिडकीपर्यंत नजर नेली. "मेंढीला चावलेल्या डासाला इथवर यायला काही गाडी करावी लागत नाही. तो टब जितक्या लवकर रिकामा होईल तितकं बरं. आणि तू मेंढ्यांपासून लांब राहा. अंगावर पाजतेस ना."

त्याच दिवशी आमचं बिऱ्हाड सासूबाईंच्या खोलीत हललं. पण घर ते केवढं. बोळीतून निघालेला डास दोन दारं ओलांडून तिथेही यायचा.

मामंजींनी टब सोडून बाकी सगळं ऐकलं. हातमोजे घालायला लागले, जरी म्हणायचे की हात बहिरे झाले. उकळलेलं दूध प्यायचे आणि पेला खाली ठेवताना म्हणायचे, "छान आहे. दूध नाहीये, पण छान आहे." मेलेली कोकरं नवऱ्याने खोल खड्ड्यात पुरली. फक्त सकाळचं ओगराळं चुकलं नाही.

एका दुपारी मामंजी कुंपण बांधायला गेले होते. ठकी झोपली होती. मी बोळीत गेले. पाणी काळसर हिरवं, आणि त्यात असंख्य वळवळ्या शेपटीने वर लटकलेल्या. माझी सावली पडली तशा सगळ्या एकदम खाली गेल्या. मी बुचाची साखळी हातात धरली.

"ओढ," मागून सासूबाई म्हणाल्या.

मी दचकले.

"ओढ ना. मी नाही सांगणार कुणी ओढलं ते. पण उद्या ते दुसरीकडे कुठेतरी नवीन लावतील. डबक्यातून आणतील. आपल्याला न दिसेलशा जागी ठेवतील." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "मी इतकी वर्षं काय, हात नव्हते म्हणून थांबले? त्यांच्याच हाताने निघालं तर निघेल."

मी साखळी सोडली. माझ्या मुलीच्या गालावरचे ठिपके आणि एका म्हाताऱ्याच्या मनातली भीती, दोन्ही एकाच बुचाला बांधलेली होती.

मग बाईंचा फोन आला. तोच ताप होता. नवऱ्याने बोळीत जाऊन मामंजींना सांगितलं. त्यांनी मान हलवली, "बरं" म्हणाले, आणि ओगराळं उचललं.

मी वाळत घातलेली दुपटी काढत होते, म्हणून मला दिसलं. त्यांनी ओगराळं भरलं, पिंपाकडे नेलं आणि पिंपाच्या बाहेर, जमिनीवर ओतलं. थांबले. पुन्हा भरलं. पुन्हा काठाच्या बाहेर. मग त्यांनी एक डोळा मिटला आणि पक्षी बघतो तशी मान वळवून पिंप कुठे आहे ते शोधलं.

मी दुपटी तशीच टाकली. एरवी सुनेने सासऱ्याचा हात धरावा असं आमचं काही नातं नव्हतं, पण मी मनगट धरलं. नुकत्याच उतरवलेल्या पातेल्यासारखं तापलं होतं.

"मामंजी, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"ताप."

"ताप कुठला. ऊन आहे."

बोळीत ऊन कधीच नसतं. मी नवऱ्याला हाक मारली, आणि माझ्या आवाजावरूनच सासूबाईसुद्धा हात न पुसता बाहेर आल्या. त्यांनी मामंजींच्या गळ्याला हात लावला. "अहो! काल विचारलं तर म्हणालात, काही नाही!"

"काल काहीच नव्हतं."

"आणि डोळा?" मी विचारलं. "त्या डोळ्याने दिसतंय का?"

"दिसतंय." थोडं थांबून म्हणाले, "मधे काहीतरी आहे. धुक्यासारखं. कडेकडेने दिसतंय."

नवऱ्याने दवाखान्यात फोन केला. मेंढ्यांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता घेऊन या, डोळ्याचं आहे, घरी ठेवू नका. नवऱ्याने गाडी बोळीच्या तोंडाशी आणली. मामंजी जागचे हलेनात. टबाच्या काठाला धरून उभे.

"मेंढ्यांचं पाणी कोण बघणार?"

"मी बघतो, बाबा. बसा."

"तू काय बघणार. तू सरळ पंप सुरू करून मोकळा होशील."

"होणारच आहे!"

"बघ!" मामंजी आमच्याकडे वळून म्हणाले, जणू आम्ही पंच होतो. "म्हणून मी जात नाही. उद्या सकाळी जाऊ. आजचं पिंप तयार झालं की."

"बाबा, डोळा जाईल!"

"माझं मी सांगू शकतो. माणूस दुखलं की सांगतो, इथे दुखतंय, तिथे दुखतंय. मेंढी सांगत नाही. ती आडवी होते तेव्हा कळतं. आणि तेव्हा..."

"तुम्ही सांगितलंत?" सासूबाई ओरडल्या. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकत होते. "दिसेनासं झालं तरी सांगितलंत का? एका घरात राहून मला कळलं नाही! तुमच्यापेक्षा मेंढी बरी, निदान ओरडते तरी!"

घरातून ठकीच्या रडण्याचा आवाज आला. मी आत धावले, तिला उचललं, दुपट्यात गुंडाळलं आणि बोळीच्या तोंडाशी, जरा लांबच, येऊन उभी राहिले.

"मामंजी, हीसुद्धा सांगत नाही," मी म्हणाले. पुढे म्हणायचं होतं, की हिला काही झालं तर मला कसं कळणार, पण ते शब्द तोंडातून काढायचा धीर झाला नाही.

त्यांनी चांगल्या डोळ्याने ठकीकडे पाहिलं. नीट दिसावं म्हणून मान कलती केली. ठकी त्यांना बघून रडायची थांबली, कारण तिला वाटलं आजोबा खेळतायत. ती खुदकन हसली. त्यांचा हात सवयीने तिच्या गालाकडे पुढे आला, मग त्या हातांनी मेलेली कोकरं उचललीत हे त्यांना आठवलं आणि त्यांनी तो पाठीमागे नेला.

"मी प्यायलो होतो," ते म्हणाले.

"काय?" सासूबाईंनी विचारलं.

"त्या दिवशी. ओढ्याचं. मेंढ्यांच्या आधी ओंजळभर प्यायलो होतो. गोड लागलं. मला काही झालं नाही." ते कुणाकडेच बघत नव्हते. "मी चाखून दिलं होतं त्यांना."

सासूबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं, की हे त्यांनाही आज कळत होतं. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"मग आता मी कशावर विश्वास ठेवू?" मामंजींनी मला विचारलं. मुलाला नाही, बायकोला नाही. मला. "चाखून कळत नाही. बघून कळत नाही. ती बाई म्हणते, यांच्यावरूनही कळत नाही. मग कशावरून?"

"बाटली तपासायला गेलीय," नवरा म्हणाला.

"तिचं उत्तर येईल तेव्हा येईल. आज काय पितील?"

बरोबर होतं त्यांचं. पाणी चांगलंच आहे अशी हमी माझ्याकडे नव्हती, आणि खोटी द्यावी असं त्या क्षणी वाटेना.

"मी बघते," मी म्हणाले. "त्या प्यायल्या की मी दिवसभर त्यांच्याकडे बघत बसते. खिडकीतून, जाळीच्या आतून. दुसरं काही करत नाही. काय बघायचं ते मला सांगा."

"तुला काय कळणार त्यातलं."

"म्हणून तर सांगा म्हणते."

मामंजींनी गोठ्याकडे पाहिलं. मग बोलायला लागले, आधी तुटक, मग सलग. "प्यायल्या की जरा इकडेतिकडे करतील. मग बसतील. बसल्यावर घशातून एक गोळा वर येतो, दिसतो तो, आणि जबडा हलायला लागतो. रवंथ करतेय ती बरी आहे. जी करत नाही तिच्यावरची नजर काढायची नाही. कान पडलेत का. दात खातेय का. एकटी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीय का. आणि एकदा बघितलं, झालं, म्हणून उठायचं नाही."

"नाही उठत."

"एकीचं जरी वेगळं दिसलं..."

"तर फोन करते. आणि शेजारच्यांना हाक मारून पाणी उपसायला लावते."

त्यांनी अजून एकदा ठकीकडे पाहिलं. मग बाही वर सारली आणि टबात वाकले. साखळी ओढली तर ती गंजून गेलेली, तुकडा हातात आला. त्यांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि तळाच्या गाळात चाचपडायला लागले. नवरा पुढे झाला तसं सासूबाईंनी त्याच्या शर्टाला धरून मागे ओढलं. बूच बसलं होतं, निघेना. मामंजींनी दोन्ही हात घातले, गाल पाण्याला लागला. मग टबाने एक मोठा घोट घेतल्यासारखा आवाज केला.

पाणी बोळीतून बाहेर पडलं आणि अंगणातल्या तापलेल्या मातीवर पसरत गेलं. इतकी वर्षं सावलीत जपलेलं ते सगळं उन्हात पडलं आणि हळूहळू मातीत जिरलं. टबाच्या तळाशी बोटभर काळा गाळ राहिला. नवऱ्याने एकेक करून पिंपंही उपडी केली. मग पंप सुरू केला आणि गोठ्याच्या कुंडात विहिरीचं पाणी थेट सोडलं.

पहिली मेंढी पुढे आली. तिने कुंडात तोंड घातलं, तेव्हा मामंजींनी मान फिरवली. सासूबाईंनी त्यांना गाडीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. साबणाने हात धुवून घेतले होते तरी ते मामंजींनी मांडीवर उताणे, कुणाला न लागू देता धरले होते.

गाडी गेली. मी आमच्या जुन्या खोलीत गेले, खिडकीच्या जाळीतली फट कापडाने बुजवली आणि ठकीला मांडीवर घेऊन बसले.

मेंढ्या प्यायल्या. इकडेतिकडे झाल्या. एकमेकींना ढुशा दिल्या. मग त्यांच्यातली एक गुडघ्यांवर वाकून खाली बसली, आणि मी पुढे वाकले. तिच्या गळ्यातून खरंच एक गोळा वर सरकला. जबडा तिरका हलायला लागला. मग दुसरी बसली. माझं आयुष्य मेंढ्यांच्या शेजारी चाललंय, पण त्यांच्याकडे इतकं मन लावून मी कधी बघितलं नव्हतं. ठकी झोपेत चोखल्यासारखे ओठ हलवत होती आणि बाहेर मेंढ्या रवंथ करत होत्या.

फोन वाजला. सासूबाई.

"पोचलो. डॉक्टर बघतायत. हे विचारतायत, रवंथ?"

"चालू आहे. बहुतेक सगळ्या बसल्या. एक उभी आहे अजून, ती कान फाटलेली."

पलीकडे खुसपुस. मग मामंजींचा लांबून आवाज, "ती नेहमी उशिरा बसते. बघत राहा म्हणावं."

थोड्या वेळाने पुन्हा फोन. "दाखल करून घेतलंय. डोळ्यात औषध घातलंय. डॉक्टर म्हणतात, बरंचसं दिसायला लागेल पण वेळ लागेल. आणि आता झोपा म्हणतात तर झोपत नाहीत. हे विचारतायत..."

"चालू आहे म्हणावं."

"कानफाटी?"

"बसली."

"बसली," सासूबाईंनी तिकडे सांगितलं. मग मला, "जबडा, म्हणतात."

मी जाळीला नाक लावलं. कानफाटी बसली होती, पण तोंड बंद. मान सरळ, डोळे कुठेतरी लांब लागलेले. बाकीच्या सगळ्यांचे जबडे चालू आणि हिचा नाही.

"थांबा हं," मी म्हणाले.

पलीकडे कुणीतरी, परिचारिका असावी, रागावून म्हणाली की पेशंटला विश्रांती हवीय, फोन ठेवा. सासूबाईंनी तिला काय सांगितलं ते मला नीट ऐकू आलं नाही, पण ती गप्प झाली. फोनमधून नुसता श्वास येत होता. दोघांचा असावा. मला चालू आहे म्हणून टाकता आलं असतं. मी म्हणाले नाही. कानफाटीने एक कान झटकला. मग मान जराशी पुढे केली, तिच्या गळ्यात काहीतरी सरकलं आणि जबडा एका बाजूला गेला, परत आला, परत गेला.

"हलला," मी म्हणाले. "करतेय."

सासूबाईंनी ते पुढे सांगितलं नाही. त्यांच्या हातातल्या फोनमधून मामंजींनाच थेट ऐकू गेलं असणार. पलीकडे खाट कुरकुरली.

"टेकले एकदाचे," सासूबाई अगदी हळू म्हणाल्या. "मिटले डोळे. मी ठेवते गं."

फोन बंद झाला. आता कुणी विचारणार नव्हतं. मी ठकीला दुसऱ्या अंगावर घेतलं, पाठीला उशी सरकवली आणि मेंढ्यांवर नजर लावून बसून राहिले.